गाठ कुठं आहे ते आधी विचारा, रोबोटचं नंतर

«डॉक्टर, नमस्कार. माझे वडील, वय ६१, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. आठ महिने शौचातून रक्त जात होतं, मूळव्याध समजून औषधं चालू होती. मागच्या महिन्यात कोलोनोस्कोपी केली तर सिग्मॉइड कोलनमध्ये गाठ निघाली. अरुंद झालंय म्हणून दुर्बीण पुढं गेली नाही. बायोप्सीत कॅन्सर आला. सीटी स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. इथले सर्जन लॅप्रोस्कोपीनं करू म्हणतात, खर्च २ लाख ८० हजार. दादा पुण्याला आयटीत आहे. तो म्हणतो, रोबोटनंच करायचं, तिथं साडेपाच लाख सांगितलेत आणि त्यासाठी आईचे दागिने मोडायची तयारी चालली आहे. काका म्हणतात, "चाकू लागला की पसरतंय ओ ते, करायचंच असेल तर पोट उघडून एकदाच साफ करा, चार भोकांतून काय दिसणार?" अप्पांना आम्ही 'आतड्याला सूज आहे' एवढंच सांगितलंय. ते एकच विचारतात, संक्रांतीला नंदीध्वज पेलता येईल ना? काय करू? — एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर»

ताई, तुमच्याभोवती तीन माणसं तीन हत्यारांवरून भांडताहेत आणि ज्यांच्या पोटात गाठ आहे ते सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठीचा, विचार करताहेत. मला विचाराल तर चौघांत अप्पांचा प्रश्नच सगळ्यात मुद्द्याचा आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

पत्रात एक गोष्ट राहून गेली. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे ते लिहिलेलं असतं. तो आकडा काढून ठेवा आणि सर्जनना विचारा, "सीटी बघून तुम्हाला नक्की कुठं वाटतेय?" हे मी उगाच सांगत नाही. मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय, रेक्टम. त्याच्या वर सिग्मॉइड. कोलोनोस्कोपीची दुर्बीण आत जाताना वाकते, वळते, त्यामुळं तिच्यावरचं माप फसवं असू शकतं. आणि गाठ सिग्मॉइडमध्ये आहे की गुदाशयात, यावर सगळं बदलतं. गुदाशयात असेल तर ओटीपोटाचा एमआरआय लागतो, बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या आधी रेडिएशन आणि केमो द्यावी लागते, शौचासाठी पोटावर पिशवी येण्याची शक्यता वाढते आणि रोबोटची चर्चाही वेगळी होते. सिग्मॉइडमध्ये असेल आणि ती आजूबाजूला चिकटलेली नसेल, तर सहसा सरळ शस्त्रक्रिया. म्हणून मशीन कोणतं हा पहिला प्रश्न नाही. गाठ कुठं, हा पहिला.

तुम्ही सिग्मॉइड लिहिलंय, तर तेच धरून पुढं बोलतो.

आधी काकांचं. चाकू लागला की कॅन्सर पसरतो ही समजूत मी अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत ऐकली आहे. तिचं मूळ मला ठाऊक आहे. पूर्वी लोक इतक्या उशिरा यायचे की पोट उघडल्यावर आजार सगळीकडे पसरलेला दिसायचा, सर्जन हात न लावता टाके घालून बंद करायचे, आणि दोन-चार महिन्यांत माणूस जायचा. गावानं हिशेब मांडला: उघडलं म्हणून गेला. आजार आधीच पसरला होता हे कोणाला दिसणार? अप्पांच्या स्कॅनमध्ये लिव्हर-फुप्फुसं स्वच्छ आहेत. अशा वेळी गाठ काढणं हाच बरं होण्याचा रस्ता आहे, काकांना हे शांतपणे सांगा.

पण काकांच्या बोलण्यात एक धागा खरा होता, आणि तो तुम्हाला सांगायलाच हवा. मोठ्या आतड्याची लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छिद्रं पाडून दुर्बिणीनं केलेली शस्त्रक्रिया, १९९१ च्या सुमारास सुरू झाली. पित्ताशयाचे खडे दुर्बिणीतून निघतात तर आतडं का नाही, असा उत्साह होता. मग काही वर्षांतच विचित्र बातम्या यायला लागल्या: ज्या छिद्रांतून हत्यारं घातली, त्या व्रणांवरच कॅन्सरच्या गाठी उगवल्या. सगळे घाबरले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यामुळं पेशी उडतात का? हत्यारानं गाठ चिमटली जाते का? आम्ही तेव्हा उमेदीत होतो आणि आमच्या ज्येष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं, कॅन्सरला दुर्बीण लावायची नाही. म्हणजे काका आज जे म्हणताहेत ते तीस वर्षांपूर्वी भले भले सर्जन म्हणत होते.

मग ते सोडवलं कसं? वाद घालून नाही. अमेरिकेत ४८ रुग्णालयांनी ८७२ रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकल्यासारखे निम्मे पोट उघडून आणि निम्मे दुर्बिणीतून, आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निकाल २००४ साली आला. तीन वर्षांत कॅन्सर परत आलेले दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के. म्हणजे फरक नाही. व्रणांवरच्या गाठी दोन्हीकडे एक टक्क्याच्याही आत. गाठ नीट हाताळली, ती बाहेर काढताना जखमेला प्लास्टिकचं आवरण घातलं, तर ती भीती उरत नाही. युरोपातल्या मोठ्या चाचण्यांनीही पुढं हेच दाखवलं.

त्या अमेरिकी चाचणीतली एक अट मला फार आवडते. ज्या सर्जनला भाग घ्यायचा त्यानं आधी किमान २० अशा शस्त्रक्रिया केलेल्या हव्यात, आणि एका शस्त्रक्रियेचं न कापलेलं, न सजवलेलं चित्रीकरण तपासायला द्यायचं. मशीन तपासलं नाही, हात तपासले. ब्रिटनमध्ये ७९४ रुग्णांची अशीच चाचणी झाली. तिथं पहिल्या वर्षी दुर्बिणीनं सुरू केलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचं पोट मध्येच उघडावं लागलं, सहाव्या वर्षी १६ टक्के. दुर्बीण तीच होती. मधल्या काळात हात बसले.

आता "चार भोकांतून काय दिसणार" याचं. चार-पाच छिद्रं असतात, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची. पोटात वायू भरून तंबू करतात, कॅमेरा आत जातो आणि पडद्यावर सगळं कित्येक पट मोठं दिसतं. ओटीपोटाच्या तळाशी तर उघड्या पोटापेक्षा जास्त चांगलं दिसतं. जे मिळत नाही ते हाताचा स्पर्श. उघड्या शस्त्रक्रियेत आतडं चाचपून गाठ लगेच सापडते. दुर्बिणीत तसं करता येत नाही, म्हणून गाठ लहान असेल तर कोलोनोस्कोपीच्या वेळीच तिच्याजवळ शाई टोचून ठेवतात. अप्पांची गाठ आतडं अरुंद करण्याइतकी मोठी आहे, ती बहुधा दिसेलच. तरी "शाईची खूण केली आहे का" हे विचारून घ्या. चुकीचा तुकडा काढल्याचे प्रकार जगात झालेले आहेत.

आणि आत काय करतात, ते तिन्ही पद्धतींत एकच असतं. आतड्याला मागच्या बाजूनं चरबीची एक झालर असते. तिच्यातून रक्तवाहिन्या जातात आणि त्यांच्या कडेनं लसिका ग्रंथी. कॅन्सर पसरायचा तर पहिल्यांदा याच ग्रंथींत. म्हणून नुसती गाठ कापत नाहीत. रक्तवाहिनी तिच्या मुळाशी बांधतात, ती झालर अखंड सोलून काढतात, गाठीच्या दोन्ही बाजूंना पाचेक सेंटिमीटर निरोगी आतडं घेतात आणि उरलेली दोन टोकं बहुतेक वेळा स्टेपलरनं जोडतात. ओटीपोटावर किंवा बेंबीपाशी पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घेऊन तुकडा बाहेर येतो. पॅथॉलॉजिस्ट त्यातल्या ग्रंथी मोजतात. किमान १२ तपासल्या गेल्या पाहिजेत असा जगभरचा दंडक आहे. तुमच्या हातात पुढं तो रिपोर्ट येईल तेव्हा छिद्रं किती होती ते बघू नका. ग्रंथी किती निघाल्या आणि कडा स्वच्छ आल्या का, ते बघा.

मग दुर्बिणीचा फायदा काय? तो सगळा बरं होण्याच्या काळातला. दुखणं कमी, जखम पिकण्याचं प्रमाण कमी, पुढं जखमेतून हर्निया होण्याची शक्यता कमी, माणूस दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालतो. घरी जायला एखाद-दोन दिवसांचा फरक. तोटा असा की वेळ जास्त लागतो, आणि मध्येच पोट उघडावं लागू शकतं. हे उघडणं म्हणजे अपयश नव्हे हं. रक्तस्राव झाला, गाठ मूत्राशयाला चिकटलेली निघाली, नीट दिसेना, तर वेळेवर पोट उघडणारा सर्जनच शहाणा. हट्टानं दुर्बिणीतच चाचपडत बसणाऱ्याची मला भीती वाटते.

उघडी शस्त्रक्रिया जुनी झाली असंही समजू नका. आतडं पूर्ण बंद होऊन पोट फुगलेलं असेल, आतडं फुटलं असेल, गाठ शेजारच्या अवयवांत शिरली असेल, आधीच्या शस्त्रक्रियांनी आत सगळं चिकटलेलं असेल, तर आजही तीच करतात. अप्पांना उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म झालं, गॅससुद्धा सरकेना, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. त्या दिवशी ही सगळी तुलना बाजूला.

आता दादाचा रोबोट. नावामुळं लोकांना वाटतं यंत्र आपोआप कापतं. तसं काही नाही. छिद्रं तीच, वायू तोच, फक्त हत्यारं यंत्राच्या हातांना लावलेली असतात आणि सर्जन त्याच खोलीत थोडं दूर कन्सोलवर बसून ते हात चालवतात. त्यांना त्रिमितीय चित्र दिसतं. हत्याराचं टोक मनगटासारखं सगळीकडे वळतं, साध्या लॅप्रोस्कोपीत ते काठीसारखं सरळ असतं. हाताचा कंप गाळला जातो. अमेरिकेत २००० साली पहिल्यांदा असं यंत्र मान्य झालं, आणि आता भारतात बनलेले रोबोटही वापरात आहेत. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा त्या कन्सोलवर बसलो तेव्हा मलाही लहान मुलासारखा आनंद झाला होता.

पण आनंद सर्जनचा. रुग्णाला काय मिळतं? इथं गाठीच्या जागेचा मुद्दा परत येतो.

गुदाशयाच्या खालच्या भागात, विशेषतः पुरुषात, ओटीपोट म्हणजे अरुंद हाडांचं भांडं. सरळ काठीसारख्या हत्यारांनी त्याच्या तळाशी काम करणं कठीण. तिथं मनगटासारखं वळणारं हत्यार उपयोगी पडेल हे पटण्यासारखं आहे. २०१७ साली दहा देशांतल्या ४७१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, लॅप्रोस्कोपीत १२.२ टक्के, पण हा फरक योगायोगानंही पडू शकतो असं गणित निघालं. रोबोटवाले हिरमुसले. नंतर चीनमध्ये ११ रुग्णालयांत मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराशेवर रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली. तिचा तीन वर्षांचा निकाल २०२५ साली आला. त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ टक्के, लॅप्रोस्कोपीत ४ टक्के. हा फरक खरा मानण्यासारखा आहे. मात्र तिथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, हे विसरू नका.

म्हणजे अप्पांची गाठ गुदद्वारापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असती, तर मी दादाची बाजू बरीच घेतली असती. सिग्मॉइड मात्र वर आहे, मोकळ्या जागेत आहे. तिथं रोबोटनं कॅन्सर जास्त बरा होतो असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. सिग्मॉइडसाठी २ लाख ७० हजारांचा फरक आणि आईचे दागिने? मी तरी मोडू देणार नाही. ते पैसे पुढं केमो लागली तर लागतील, दर तीन-सहा महिन्यांच्या तपासण्यांना लागतील, आणि अप्पा-आई दोघंही घरी बसतील तेव्हा भाजीपाल्याला लागतील.

दादाच्या बाजूनं एक सांगतो. त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील असतील तर हिशेब बदलू शकतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनंतर रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यावर वेगळी कमाल मर्यादा घालता येते. पॉलिसीत ती मर्यादा किती आहे हे त्यानं लेखी विचारावं. विमा सगळं देत असेल, पुण्यातले सर्जन आतड्याच्या कॅन्सरचं काम नियमित करणारे असतील, तर तिकडे करायला माझी ना नाही. फक्त मग रोबोट आहे म्हणून जाऊ नका, सर्जन चांगले आहेत म्हणून जा. आणि पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे हेही धरा. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ताप आला, पोट दुखायला लागलं, तर आतड्याचा जोड गळल्याची शंका घ्यावी लागते आणि काही तासांत डॉक्टरांनी बघावं लागतं. त्या वेळी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढत बसता येत नाही. पुण्यात केलंत तर किमान दोन आठवडे तिथंच राहायची सोय हवी.

शासकीय योजनेचं पत्रात काहीच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरून दाखल झाल्यावर नाही, आधी. तुमचे सर्जन ज्या रुग्णालयात करणार ते योजनेत आहे का, शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये पूर्ण बसते का, स्टेपलरचे वेगळे पैसे मागणार का, हे सर्जन आणि आरोग्यमित्र दोघांच्या समोर विचारून घ्या. आपलं सिव्हिल आहे. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. त्या बार्शीतच १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, म्हणजे या जिल्ह्याला कॅन्सरचं काम नवीन नाही. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, कागद पाठवले की लेखी मत मिळतं. यात दोन-तीन आठवडे गेले तर घाबरू नका, ही गाठ काल-परवाची नाही. दोन-तीन महिने मात्र घालवू नका.

इथल्या सर्जनना काय विचारायचं? संकोच करू नका, चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या वर्षाला किती शस्त्रक्रिया करता? त्यांतल्या दुर्बिणीनं किती आणि पोट कितींचं उघडावं लागलं? मागच्या वर्षी किती जणांचा जोड गळला? "माझा एकही नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. जो पुरेशा शस्त्रक्रिया करतो त्याचा कधी ना कधी गळतोच. रात्री दोन वाजता काही झालं तर कोण येणार, आयसीयू त्याच इमारतीत आहे का? पिशवी लागू शकते का? सिग्मॉइडमध्ये ती सहसा लागत नाही, लागली तरी बऱ्याचदा तात्पुरती असते. पण शक्यता असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच, अप्पांना बसवून, धोतर किंवा पँट कुठं बांधतात ते बघून पोटावर खूण करून घ्यायला सांगा. चुकीच्या जागी आलेली पिशवी माणसाला रोज छळते.

आणखी एक. कोलोनोस्कोपीची दुर्बीण गाठीपुढं गेली नव्हती म्हणता. म्हणजे वरचं बहुतेक सगळं मोठं आतडं कोणी आतून पाहिलेलंच नाही. काही रुग्णांत दुसरीकडेही गाठ किंवा पॉलिप असतो. सीटीवर ते नीट बघितलंय का विचारा, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी करायचीच, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरोघरी हेच विसरतात.

तुम्ही घरी काय करायचं, तर बरंच. एवढे महिने रक्त गेलंय, हिमोग्लोबिन बघा. कमी असेल तर लोहाचं इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी देता येतं. तंबाखू-चुन्याची पुडी आजपासून बंद, बिडी असेल तर तीही. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं अर्धा तास चालवा. तीन चेंडूंचं, श्वास आत ओढायचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, त्याचा सराव आत्ताच सुरू करा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाची भीती कमी होते. जेवणात अंडी, डाळ, दूध वाढवा. आतडं अरुंद आहे तोवर कडक भाकरी, शेंगदाणे, चोथा असलेल्या भाज्या टाळा, मऊ खायला द्या. शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही हे मला माहीत आहे, पण महिनाभर. शस्त्रक्रियेनंतर चार-चार दिवस उपाशी ठेवायचं दिवस आता गेले. डेन्मार्कमधल्या सर्जननी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की लवकर पाणी, लवकर जेवण, लवकर चालणं यानं माणूस लवकर बरा होतो. आतेबहिणीनं "पोटाला टाके आहेत, झोपून राहा" म्हटलं तर तिला चहा देऊन बाहेर बसवा.

आणि तुमचं व दादाचं. वडिलांना हा आजार झाला म्हणजे तुम्हा दोघांना तो इतरांपेक्षा जास्त संभवतो. चाळिशीला पोहोचलात की एकदा कोलोनोस्कोपी करून घ्यायची. अप्पांच्या गाठीवर एमएमआर नावाची तपासणी करायला पॅथॉलॉजिस्टना सांगा. आजार घराण्यातून आलेला असण्याची शक्यता त्यातून कळते आणि पुढच्या औषधांनाही ती उपयोगी पडते.

राहिलं शेवटचं. अप्पांना 'सूज' सांगितलीत. ताई, संमतिपत्रावर सही अप्पांची असते, तुमची नाही. सूज काढायला कोणी आतडं कापतं का? केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस पहिल्याच दिवशी सांगून टाकेल, आणि मग त्यांना आजारापेक्षा तुम्ही लपवलंत याचं जास्त लागेल. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत लग्नसोहळ्याला संमती कट्ट्यावर आधी संमती वाचली जाते, मगच अक्षता पडतात. इतकी वर्षं बाराबंदी घालून तिथं उभं राहिलेल्या माणसाला संमती म्हणजे काय ते समजवावं लागणार नाही. रविवारी दादाला बोलवा, काकांनाही बसवा आणि साधं सांगा: "अप्पा, गाठ आहे, कॅन्सरची आहे, आतड्यापुरती आहे असं स्कॅन म्हणतंय, ती काढायची आहे." मग गप्प बसा आणि त्यांना विचारू द्या.

ते नंदीध्वजाचंच विचारतील. त्यांना सांगा, दुर्बिणीनं झालं आणि सगळं सुरळीत गेलं तर दीड-दोन महिन्यांत हलकी कामं, चालणं, मिरवणुकीत सामील होणं जमतं. पोट उघडावं लागलं तर तीनेक महिने जड काही नाही. पण नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलायचा असतो, सगळा भार पोटाच्या स्नायूंवर येतो. या संक्रांतीला तो दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि आपण पांढऱ्या बाराबंदीत शेजारून चालावं. केमो चालू असेल तर पांढऱ्या पेशी मोजून, गर्दीत जायचं की नाही ते त्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावं. पुढच्या वर्षीच्या यात्रेला पेलायचं की नाही, ते पोट तपासून सांगतो म्हणावं. रिपोर्टवरचा सेंटिमीटरचा आकडा मात्र मला या आठवड्यातच कळवा.